हरवलेल्या घटस्फोटाच्या चकरा

कोर्टात चकरा मारून कागद मिळेल की नाही, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण किस्सा मात्र दर चकरेला मिळतोच! त्याला अर्ज लागत नाही, स्टॅम्प लागत नाही, 'साहेब जेवायला गेलेत' हेही ऐकावं लागत नाही. माझ्याकडे आता एवढे साठलेत की आमच्या बालवाडीतल्या बाकीच्या ताया डबा उघडायच्या आधी विचारतात, "सुनंदाताई, काल कोर्टात काय झालं?" मी वैतागून सांगायला लागले की या हसत सुटतात. हसण्यासारखं काय आहे त्यात? तुम्हीच ऐका.

मी कोथरूडला बालवाडीत ताई आहे. माझा घटस्फोट झाला तेव्हा माझी सई पहिलीत होती, आता ती खराडीला आयटीत आहे. मधल्या वीसेक वर्षांत मी त्या घटस्फोटाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आणि आता मला कोर्टातून त्याची नक्कल हवी होती, कारण मी पुन्हा लग्न करत होते. होय, बावन्नाव्या वर्षी! हसून घ्या एकदाचं.

नवरदेव म्हणजे कदम. मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर हिशेब बघतात. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. नातीला सोडायला बालवाडीत यायचे. नात मोठी होऊन शाळेत गेली, तरी यांचं येणं काही थांबलं नाही. मग माझ्या लक्षात आलं.

रजिस्टर लग्नाची नोटीस दिली. तिथल्या साहेबांनी माझ्याकडच्या जुन्या झेरॉक्सवर नोटीस घेतली, पण बजावून सांगितलं, "लग्नाच्या दिवशी कोर्टाच्या शिक्क्याची नक्कल समोर पाहिजे. आणि नोटीस तीन महिने चालते. तोवर लग्न झालं नाही तर सगळं पहिल्यापासून."

पहिल्यापासून म्हणजे कदमांच्या मुलालाही पुन्हा पहिल्यापासून समजवायचं! त्याला एकदा तयार करता करता कदमांचे होते नव्हते ते केस गेले होते. दुसऱ्यांदा तो ऐकेल असं कदमांना वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

मूळ नक्कल मी सईच्या पासपोर्टच्या वेळी एका एजंटला दिली होती. पासपोर्ट आला. एजंट परत आला नाही.

*

नक्कल विभागात गायकवाड मॅडम बसतात. त्यांनी अर्ज दिला. त्यात एक रकाना होता, 'नक्कल कशासाठी हवी'. मी आपलं खरं ते लिहिलं, 'लग्नासाठी'.

मॅडमनी अर्ज हातात घेतला, चष्मा वर सरकवला आणि मागच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "पाहिजे घटस्फोट. कारण, लग्न."

मी म्हटलं, "चुकलं का काही?"

"चुकलं नाही हो. पण इथे माणसं त्या दिशेनं जाताना दिसतात. या दिशेनं येणाऱ्या तुम्हीच."

माझ्या मागे एक गृहस्थ उभे होते. बगलेत फायलींचा गठ्ठा, चेहऱ्यावर तारखांवर तारखा खाल्ल्याची कळा. ते पुढे वाकून फार कळकळीने म्हणाले, "ताई, माझी केस अजून चालूच आहे. तुमची संपली ना? मग घरी जा की!"

*

पुढची चक्कर. माझी झेरॉक्स इतकी फिकट झाली होती की दाव्याच्या नंबरातला शेवटचा आकडा तीन आहे की आठ, तेच कळेना. मॅडमनी कागद उजेडात धरला, ट्यूबलाइटखाली धरला, शेवटी शिपायाला दाखवला. शिपाई म्हणाला, "पाच वाटतंय."

"तीन आणि आठ, दोन्ही काढून बघू," मॅडम म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात या."

पुढच्या आठवड्यात गेले. तीनची फाईल टेबलावर होती. वर एवढी धूळ की मॅडमनी आधी ओढणी नाकाला लावली आणि मग उघडली.

"नवरा मर्चंट नेव्हीत?"

"नाही हो. हडपसरला गॅरेज आहे."

"मुलं दोन?"

"एकच. मुलगी."

"लग्न नाशिकला झालं?"

"मंचरला."

माझं म्हणणं असं की इथे फाईल मिटायला हवी होती की नाही? मॅडमनी नाही मिटली. शिपायाकडे पाहिलं. तो बिचारा रेकॉर्ड रूममधून शिंकत शिंकत आला होता. मग माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "एवढी शोधून आणलीय त्यानं. जरा नीट आठवून बघा ना!"

*

आठची फाईल निघाली, ती माझीच होती. हा आनंद साधारण मॅडमनी आधार कार्ड मागेपर्यंत टिकला.

त्याचं असं आहे. लग्न झालं तेव्हा सासरी माझं नाव बदललं. तांदळाच्या ताटात अंगठीने 'वैशाली' लिहिलं आणि मी सुनंदाची वैशाली झाले. आधार कार्डं निघाली त्याआधीच घटस्फोट होऊन गेला होता, म्हणून आधारवर सगळं माहेरचं.

मॅडमनी एक बोट फाईलवर ठेवलं, एक आधारवर. "इथे वैशाली विलास पोकळे. इथे सुनंदा बाबुराव शेलार. नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. नक्कल पक्षकाराला मिळते. तुम्ही तिऱ्हाईत."

"मॅडम, मीच ती. लग्नात नाव बदललं."

"पुरावा?"

आता तांदळाच्या ताटाची झेरॉक्स कोण काढून ठेवतं?

"आणि घटस्फोट झाल्यावर माहेरचं नाव परत लावलं," मी म्हटलं.

"मग घटस्फोट झाल्याचा कागद दाखवा."

"तोच तर तुमच्याकडे मागतेय!"

"हो ना. आधी दाखवा, मग मागा."

मी जरा भिंतीला टेकले. डोक्यावर पाटी होती, 'भिंतीला टेकू नये'.

"दुसरा काही मार्ग?" मी विचारलं.

"वकील लावा, साहेबांपुढे अर्ज टाका, तारीख पडेल." तारीख म्हटल्यावर माझा चेहरा बघून त्यांनाही वाईट वाटलं असावं. आवाज खाली आणून म्हणाल्या, "नाहीतर दुसरी पार्टी आहे ना. विलास पोकळे. त्यांचं नाव तेच असेल?"

"तेच असणार."

"पुरुषांचं कुठे बदलतं! आणा त्यांना. त्यांनी अर्ज केला की लगेच देते."

संध्याकाळी हे सगळं कदमांना सांगितलं. त्यांनी ते शेवटपर्यंत ऐकलं. मग हळूच म्हणाले, "आपल्या लग्नात नाव वगैरे काही बदलायचं आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, "कदम, आधार कार्डाला हात लावायचा नाही!"

*

सईच्या बाबांचा नंबर सईकडे होता. तिच्या लहानपणी सुट्टीत ती त्यांच्याकडे जायची, अजूनही दिवाळीला जाऊन येते. पण मी त्यांच्याशी वर्षानुवर्षं एक शब्द बोलले नव्हते. फोन हातात घेऊन कितीतरी वेळ नुसती बसले. शेवटी लावला.

"हॅलो, सुनंदा बोलतेय."

"कोण सुनंदा?"

बरोबर आहे, त्यांच्या घरात सुनंदा कधी आलीच नव्हती.

"वैशाली," मी म्हटलं. माझ्याच तोंडून ते नाव मला कसंतरीच वाटलं.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बोल. काय पाहिजे?"

"घटस्फोट."

"दिला होता ना एकदा?"

"तो हरवला."

"वस्तू जागेवर ठेवायची नाही, ही तुझी सवय अजून आहे तर!"

मला इतका संताप आला! एजंटची सगळी हकीकत सांगणार होते, त्यांच्याच मुलीच्या पासपोर्टसाठी दिला होता हेही ऐकवणार होते. पण गरज माझी होती. गिळलं. लग्न करतेय, म्हणून हवाय, तुम्हालाच अर्ज करावा लागेल, एवढं एका दमात सांगून टाकलं.

मागे गॅरेजमध्ये कुणीतरी गाडी रेस करत होतं.

"किती वाजता यायचं?"

"अकराला."

"घड्याळाच्या अकराला, की तुझ्या?"

*

त्या दिवशी सईने वर्क फ्रॉम होमच्या जागी वर्क फ्रॉम कोर्ट केलं. म्हणाली, "मम्मी, तुम्हा दोघांना तिथे एकटं सोडायची माझी हिंमत नाही." नक्कल विभागाबाहेरच्या बाकड्यावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसली. परदेशातल्या क्लायंटबरोबर तिची मीटिंग चालू होती.

आता कोर्ट म्हटल्यावर शिपाई दारात येऊन नवरा-बायकोची नावं पुकारणारच. आणि तो पुकारा असा, की रस्त्यावरच्या रिक्षा थांबाव्यात! सईने घाईघाईत म्यूट करेपर्यंत क्लायंटपर्यंत पोचला. तिकडून विचारलं, हा कसला आवाज?

"लोकल फेस्टिव्हल आहे," सई म्हणाली.

तेवढ्यात दुसऱ्या जोडप्याचा पुकारा झाला. पलीकडून सगळ्या गोऱ्यांनी एकदम टाळ्या वाजवल्या.

इकडे तिचे बाबा स्टॅम्प आणायला गेले ते भलत्याच खिडकीच्या रांगेत जाऊन उभे राहिले. लांबून दिसत होते. हाक मारू तर काय म्हणून मारू? संसारात कधी नावाने हाक मारली नाही, आता चारचौघांत 'विलास' कसं म्हणणार? तोंडातून जुनंच निघालं, "अहो!"

कॉरिडॉरमधले निम्मे पुरुष मागे वळले. हे सोडून! संसारात तरी पहिल्या हाकेला कुठे वळायचे?

अर्ज दिला. मॅडम म्हणाल्या, जेवणाच्या सुट्टीनंतर बघते. मग काय करणार? मी थालीपिठं नेली होती. सईच्या मीटिंगा चालूच होत्या, म्हणून आम्ही दोघंच बाकड्यावर डबा मध्ये ठेवून खायला लागलो. समोर एक लेडी कॉन्स्टेबल उभी होती. ती बराच वेळ आमच्याकडे बघत होती. मग जवळ आली आणि फार मायेने म्हणाली, "ताई, समुपदेशन वरच्या मजल्यावर असतं. एवढं पटतंय तर एकदा जाऊन या की दोघं!"

मी हातातला तुकडा परत डब्यात ठेवला. सईच्या बाबांनी मात्र शांतपणे दुसरं थालीपीठ उचललं.

"मॅडम, गैरसमज नको," ते म्हणाले. "पटत नाहीये. भूक लागलीये."

*

नक्कल मिळाली! शिक्का, सही, सगळं जिथल्या तिथे. सईचे बाबा ती माझ्या हातात देऊन "सांभाळ आता" म्हणून निघूनही गेले. मी संध्याकाळी पेढे घेऊन ती कदमांना दाखवायला गेले. कदम हिशेबाचे माणूस, कुठलाही कागद वरून खालपर्यंत वाचल्याशिवाय ठेवत नाहीत. वाचता वाचता थांबले. पान उलटलं, परत सुलट केलं.

"सुनंदाताई," (हो, अजून ताईच म्हणतात, सवय जात नाही!) "पहिल्या पानावर तुमचं लग्न मंचरला झालं, एक मुलगी आहे, असं आहे."

"बरोबर."

"आणि पुढे एकदम शेवटचं पान. त्यावर साहेबांची सही आणि कोर्टाचा शिक्का."

"मग?"

"मधलं पान नाहीये. यात तुमचं लग्न झालंय एवढंच कोर्टाने प्रमाणित केलंय."

मी कागद त्यांच्या हातातून ओढून घेतला. सईला फोटो पाठवला, तिने तो बाबांना पाठवला. बाबांचं उत्तर आलं, "मला तेव्हाच शंका होती."

दुसऱ्या दिवशी मी बालवाडी बुडवून मॅडमसमोर उभी. त्यांनी फाईल काढून पाहिली. "अगंबाई, घटस्फोट मधल्या पानावर राहिला. झेरॉक्सला पानं चिकटली असणार."

"मग ते एक पान द्या ना काढून."

"सुटं पान देता येत नाही. नव्याने अर्ज करावा लागेल. पोकळ्यांनाच यावं लागेल."

"पण मॅडम, चूक तुमची आहे!"

"चूक आमची आहे," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "पण अर्ज तुमचा आहे."

मी आयुष्यात कुणावर ओरडले नाही. बालवाडीत मुलं अंगावर खळ सांडतात तरी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडले असते, पण डोळ्यांतून पाणीच आलं. नोटीस संपत आली होती. ते पाणी बघून मॅडमनी स्वतःचा पेन पुढे केला. "त्यांना सांगा, वर 'तातडीचे' लिहा म्हणावं. कारणाच्या रकान्यात काय ते तुम्हाला माहितीच आहे."

*

नोटिशीचा अगदी शेवटचा दिवस. मॅडमनी नवी नक्कल त्याच दिवशी सकाळी द्यायचं कबूल केलं होतं. अर्जदाराची सही लागते, म्हणून सईचे बाबा कोर्टातून नक्कल घेऊन थेट लग्नाच्या कचेरीत येणार होते.

मी, कदम, सई आणि आमच्या बालवाडीच्या मोठ्या बाई तिथे जाऊन बसलो. तीन साक्षीदार लागतात. सई एक, मोठ्या बाई दोन, आणि तिसरा कदमांचा मुलगा. भिंतीवर नोटिशींचा फळा होता. लग्नाला कुणाची हरकत असेल तर त्याने महिन्याभरात येऊन सांगावी, म्हणून त्यावर नोटिसा लावतात. आमचीही तिथेच होती, कडा वळून पिवळी पडलेली.

सईचे बाबा आले. डोक्यावर हेल्मेट तसंच. पाकीट माझ्या हातात देऊन म्हणाले, "पानं मोजून घे." मी तिथल्या तिथे मोजली. मधलं पान होतं. घटस्फोट होता!

कदमांच्या मुलाला फोन केला. म्हणाला, "निघालोच." बऱ्याच वेळाने परत केला. म्हणाला, "निघतोच." त्यानंतर फोन लागेना.

कदम सारखा फोन कानाला लावायचे, काढायचे, परत लावायचे. नंतर तो खिशात ठेवून दिला आणि जमिनीकडे बघत बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. सई कुणाला बोलावता येईल म्हणून मोबाईलवर नावं चाळत होती, पण खराडीहून कोण वेळेत पोचणार?

साहेब म्हणाले, "बघा बुवा. तिसरा साक्षीदार नसेल तर मला काही करता येणार नाही. उद्या ही नोटीस चालत नाही."

सईचे बाबा दारापर्यंत गेले होते. तिथे जरा वेळ पाठमोरे उभे राहिले. मग परत आले, हेल्मेट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"आधार कार्ड चालतं ना साक्षीदाराला? हल्ली बरोबरच ठेवतो. हिच्यामुळे."

कदम उठून उभे राहिले. सईच्या बाबांचा हात हातात धरला.

साहेबांनी एका हातात आधार घेतलं. दुसऱ्या हातात माझी नक्कल होती. आधारवरचं नाव वाचलं. नकलेवरचं वाचलं. परत आधारवरचं वाचलं. मग दोन्ही कागद खाली ठेवले, फळ्यावरच्या आमच्या पिवळ्या नोटिशीकडे पाहिलं आणि अगदी सावकाश म्हणाले,

"पोकळेसाहेब, हरकत घ्यायची मुदत कधीच संपली."

"माहितीये," सईचे बाबा पेनसाठी हात पुढे करत म्हणाले. "म्हणून तर आज आलो."